कान देऊन : सूर चढला की आवाज वाढला?

प्रश्न : निवृत्तीनंतर आम्ही दोघं नवराबायको गाणं ऐकायला जाऊ लागलो. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या वसंतराव देशपांडे सभागृहात शेजारचे 'वा वा' म्हणतात, तेव्हा आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहतो. एक मित्र म्हणतो, आधी दहा राग पाठ करा. गायक 'वरचा सा' लावतो म्हणजे जोरात गातो का, इथपासून आमची तयारी आहे. सुरुवात कुठून करावी?
– एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : मित्राचं ऐकू नका भाऊ. दहा रागांची नावं घडाघडा म्हणणारे माझ्या पेटीदुरुस्तीच्या दुकानात रोज येतात, पण आपल्याच पेटीतला मध्यम उतरलाय हे त्यांना मला सांगावं लागतं.

तुमचा घोळ आपल्या बोलण्यानंच केलेला आहे. 'आवाज चढवू नकोस' म्हणजे जोरात बोलू नकोस. 'जरा खालच्या आवाजात' म्हणजे हळू. गाण्यात मात्र वर-खाली म्हणजे सुराची उंची, तिचा जोराशी संबंध नाही. भांडताना माणूस जोरात बोलता बोलता उंचही बोलायला लागतो, म्हणून दोन्ही गोष्टी कानात एकमेकींना चिकटून बसल्या आहेत. त्या आधी सोडवा.

कुणाकडे पेटी असेल तर काळी एक, म्हणजे सप्तकातली पहिली काळी पट्टी, दाबून धरा आणि भाता आधी हळू, मग जोरात मारा. आवाज लहानमोठा होईल, सूर जागचा हलणार नाही. आत पितळेची एक जीभ बसवलेली असते. मधल्या सप्तकातली ही जीभ सेकंदाला साधारण २७७ वेळा हलते. भात्यानं तिचा झोका मोठा होतो, झोक्यांची संख्या तीच राहते. (फार दामटलं तर सूर केसभर उतरतो, पण ते आमच्यासारख्यांनी ऐकायचं.) संख्याच बदलायची तर मला पेटी उघडावी लागते. जिभेचं टोक किंचित खरवडलं की ती हलकी होते आणि सूर चढतो; बुडाशी खरवडलं की लवचीक होते आणि सूर उतरतो. दोन-तीन घासांत काम होतं. चाळीस वर्षं झाली, पण चौथा घास मारून पस्तावलो असं अजूनही होतं.

काळी एकला सा मानलं तर वरचा सा म्हणजे या संख्येची दुप्पट, २७७ चे ५५४. खालच्या सा च्या दीडपट केली की पंचम, म्हणजे प. गायक वरचा सा अगदी हलकेच, दिव्याची वात सारल्यासारखा लावू शकतो. शेजारच्यांची 'वा' बहुतेक त्यालाच असते.

पेटी नसेल तर रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरपाशी उभे राहा, लोक काही का म्हणेनात. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो त्याच्या दुपटीनं, १०० वर. म्हणजे खर्जातल्या, खालच्या सप्तकातल्या, पांढरी पाचच्या (पाचव्या पांढऱ्या पट्टीच्या) जरासा वर. जवळ जा, लांब जा. मोठेपणा बदलेल, सूर नाही. महालात माझ्या दुकानासमोर असा एक आहे. मी खर्जाची पांढरी पाच धरली की तिचे ९८ आणि याचे १००, दोघांचं जुळत नाही आणि सेकंदाला दोनदा आवाज फुगतो नि बसतो, वांव-वांव. दुकानातल्या पोऱ्याला वाटायचं पेटीच बिघडली. हा डोल ओळखायला शिका. तानपुऱ्याच्या जोडीच्या दोन तारा लावताना हाच ऐकतात : डोल मंदावत मंदावत थांबला की तारा जुळल्या.

राग त्यानंतर. घाई काय आहे?

प्रश्न : माझी मुलगी मोबाईलवर तानपुरा लावून रियाज करते. तिचे गुरुजी म्हणतात, त्यात खर्ज नाहीच. मला तर चांगला ऐकू येतो. खरं कोणाचं?
– एक आई, हिंगणा रोड

उत्तर : दोघांचंही, ताई. मुलीची पट्टी, म्हणजे तिचा सा, काळी पाच असेल तर खर्जाची, सगळ्यात खालच्या सा ची, तार सेकंदाला ११७ च्या आसपास हलते. मोबाईलच्या नखाएवढ्या स्पीकरला तो सूर जवळजवळ काढताच येत नाही. पण तार कधी एकटी वाजत नाही. मूळ सुराबरोबर त्याची दुप्पट, तिप्पट, चौपट असे बारीक सूरही निघतात, आणि ते मोबाईलमधून येतात. कान त्यांच्यातलं अंतर मोजतो आणि नसलेला मूळ सूर स्वतःच भरून काढतो. लग्नात चार भावंडं एका रांगेत दिसली की बाप न पाहताही आपण घर ओळखतो, तसंच.

या बारीक सुरांची मिसळण म्हणजेच नादाची जाती. पेटी आणि व्हायोलिन एकाच सुरात, सारख्याच आवाजात वाजली तरी वेगळी कळतात ती मुख्यतः यामुळे. सूर सुरू कसा होतो यावरही बरंच असतं. ध्वनिमुद्रणातून सतारीचा सुरुवातीचा ठोका कापून टाका, नुसती आस, मागे रेंगाळणारा नाद, ऐकून भले भले चकतात.

एकदा मुलीला खऱ्या तानपुऱ्याजवळ बसवा. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या तुकड्यावर, तारेखाली एक सुती दोरा असतो, त्याला जीव म्हणतात. तो नसला तर तार कोरडी, ठक्क वाजते. दोरा बोटानं केसभर पुढेमागे सरकवत गेलं की एका ठिकाणी तार घोडीच्या गोलसर पाठीला घासायला लागते आणि तोच सूर मधमाश्यांचं पोळं उठावं तसा उघडतो. सूर तोच, जोरही तोच. बदलली फक्त जाती. गुरुजींना हे हवंय. तोवर एखादा बरा स्पीकर जोडा.

प्रश्न : मे महिन्यात कूलर लावला की माझा तबला उतरतो. पुडी खराब आहे का?
– एक विद्यार्थी, मानेवाडा

उत्तर : पुडी, म्हणजे तबल्यावरचं कातडं, चांगली आहे, कूलर ओला आहे. कातडं दमट हवेनं सैल पडतं, ताण कमी झाला की सूर उतरतो. गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या विणीवर, हातोडीचे हलके ठोके दे, चौफेर सारखे. पण कूलर बंद केलास आणि पुडी पुन्हा कोरडी झाली की तोच तबला चढेल, तेव्हा लगेच फार ठोकू नकोस.

जाता जाता : सी. व्ही. रामन १९१० मध्ये सरकारी हिशेबखात्याच्या नोकरीत काही महिने आपल्या नागपुरात होते. साध्या ढोलाचे बारीक सूर दुप्पट-तिप्पट अशा हिशेबात बसत नाहीत, म्हणून तो नुसता धबधबतो. दहा वर्षांनी रामन यांनी दाखवलं की मृदंग-तबल्याच्या शाईच्या, म्हणजे पुडीवरच्या काळ्या लेपाच्या, वजनानं ते जवळपास हिशेबात येतात आणि कातड्यातून सूर निघतो. तेव्हा शाईवर पाणी उडू देऊ नकोस, आणि कूलरचं तोंड दुसरीकडे कर.