वाचकांचे प्रश्न : आवडत्या कादंबऱ्यांची यादी

प्रश्न : १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनासाठी आमच्या गावच्या वाचनालयाने प्रत्येक सभासदाकडून आवडत्या १० कादंबऱ्यांची यादी मागवली असून या याद्या फलकावर लागणार आहेत. माझ्या यादीत ७ कादंबऱ्या कोकणातल्याच निघाल्या. ती एकांगी वाटेल का? आणि नावाजलेली, पण मला न भावलेली पुस्तके तीत घालावीत का? — एक वाचक, दापोली

उत्तर : न भावलेले पुस्तक घालू नये. आवडीची यादी म्हणून जे मागितले आहे, त्यात केवळ मान राखण्यासाठी एखादे नाव आले, तर उरलेल्या नावांवरचा वाचकाचा विश्वासही कमी होतो.

पहिली शंका अधिक विचार करण्याजोगी आहे. श्री. ना. पेंडसे यांचे मुर्डी आपल्याच तालुक्यातले, तेव्हा ‘गारंबीचा बापू’ (१९५२), ‘रथचक्र’ (१९६२) आणि जगबुडी नदीच्या काठची ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) ही नावे आपल्या यादीत असणार असे मी धरून चालतो. त्यांतली बोली, आगरे, खोतांचा दरारा आणि भाऊबंदकी आपल्याला ओळखीची वाटते, आणि ही ओळख पटण्याचा आनंद इतका मोठा असतो की कादंबरी आवडली की तीतले गाव आवडले, हे पुष्कळदा आपले आपल्यालाच सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक नावापुढे आवडण्याचे कारण एका वाक्यात लिहून पाहावे आणि त्या वाक्यात गावाचा उल्लेख टाळावा.

‘रथचक्र’चे उदाहरण घेऊ. एकत्र कुटुंबात कोंडमारा सोसणारी आणि मुलांच्या शिक्षणासाठी जिद्दीने उभी राहणारी आई, हे आपले कारण असेल, तर त्याच सुमारास, १९६० साली, आलेली उद्धव शेळके यांची ‘धग’ आपण वाचायलाच हवी. तिथली कौतिक विदर्भातली आहे, बोली वऱ्हाडी आहे, दारिद्र्य अधिक उघडे आहे, पण लेकरांसाठी चाललेली झुंज त्याच जातीची आहे. ही दोन नावे यादीत शेजारी आली, की फलकासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला आपण नेमके काय शोधत वाचतो हे दिसेल. माझ्या मते ‘रथचक्र’ ही पेंडशांची सर्वांत सखोल कादंबरी आहे; ‘गारंबीचा बापू’ अधिक लोकप्रिय असली, तरी बापूच्या धडाडीपेक्षा ‘रथचक्र’मधल्या त्या आईचा निर्धार मनात जास्त काळ टिकतो.

कोकणातल्या कादंबऱ्याही एका साच्याच्या नाहीत, हेही लक्षात घ्यावे. चिं. त्र्यं. खानोलकर वेंगुर्ल्याकडचे, त्यांच्या ‘कोंडुरा’त (१९६६) समुद्र, देवस्थान आणि माणसाच्या मनातली भीती एकमेकांपासून वेगळी काढता येत नाही. पेंडशांचा कोकण घराण्यांचा आणि जमिनीचा आहे, तर खानोलकरांचा कोकण पछाडलेल्या मनांचा आहे. हे दोघेही आपल्या ७ नावांत असतील, तर ती यादी एकांगी म्हणता येणार नाही. ७ नावे एकाच लेखकाची असतील, तर मात्र त्यांतली दोन ठेवून बाकीची जागा मोकळी करावी आणि तिथे विश्राम बेडेकर यांच्या ‘रणांगण’चा (१९३९) विचार करावा. दुसऱ्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर युरोपातून हिंदुस्थानाकडे निघालेल्या बोटीवरची ती छोटी कादंबरी आहे. किनाऱ्यावर वाढलेल्या वाचकाला तिच्यातला समुद्र अगदी अनोळखी वाटेल.

क्रमांक घालू नयेत. पहिली कोणती आणि सातवी कोणती, हे वयाबरोबर बदलते.

प्रश्न : मुंबईत वाढलेल्या माझ्या भाचीने माझ्या आवडीच्या कादंबऱ्यांची यादी मागितली आहे. तिचे मराठी वाचन बेताचे आहे. कोणती नावे पाठवू? — एक वाचिका, देवगड

उत्तर : यादी लांबवू नका, सध्या एकच नाव पाठवा. व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ (१९५५) आकाराने लहान आहे, वाक्ये आटोपशीर आहेत, आणि माणदेशातल्या धनगरांच्या वस्तीवर आलेला तरुण मास्तर तिच्यासारखाच तिथे नवखा असल्याने त्याच्याबरोबर तिलाही ते गाव हळूहळू कळत जाईल. ‘तुंबाडचे खोत’ आपल्याला कितीही प्रिय असली, तरी दोन खंडांची ती कादंबरी आरंभी देऊ नये. ‘बनगरवाडी’ वाचून झाल्यावर तिला त्यातले कोण आवडले हे विचारा आणि पुढचे नाव त्या उत्तरावरून ठरवा.