भूमिती शंका-समाधान : सातवी बाजू मोठी का येते?

प्रश्न : मुलगी सुसम (सगळ्या बाजू आणि कोन समान असलेला) सप्तकोन काढते. वर्तुळाच्या केंद्रापाशी ५१ अंशांचे कोन आखते, पण शेवटची बाजू दर वेळी मोठी येते. कुठे चुकतं? (एक पालक, सांगली)

उत्तर : हात नाही, ५१ चुकले. हवा असलेला कोन ३६० ÷ ७, म्हणजे सुमारे ५१.४३ अंश. सात वेळा ५१ घेतले की ३५७ होतात आणि उरलेले ३ अंश शेवटच्या कोनात जाऊन तो ५४ होतो. त्रिज्या १० सेंमी असेल तर सहा बाजू ८.६ सेंमीच्या आणि सातवी जवळजवळ ९.१ सेंमीची. एवढा फरक लपत नाही.

कोनमापक ठेवून द्या, कंपास घ्या. परिघावरच्या कुठल्याही बिंदूवर टोक रोवून वर्तुळाच्याच त्रिज्येने कंस काढा. तो वर्तुळाला दोन ठिकाणी छेदेल. ते बिंदू जोडणाऱ्या जीवेची निम्मी लांबी (इथे ८.६६ सेंमी) कंपासात धरून परिघावर ओळीने खुणा करा. खरी बाजू ८.६८ सेंमी असते, त्यामुळे सात टप्प्यांनंतर सुमारे १.४ मिलिमीटर उरतात. वहीतल्या आकृतीला चालतं. मात्र कंपासाची मळसूत्रं ढिली असतील तर याहून मोठी चूक तिथेच होते, आधी ती आवळा.

नुसत्या पट्टी-कंपासाने अचूक सप्तकोन काढता येतच नाही. सुसम १७ बाजूंची आकृती काढता येते हे जर्मन गणितज्ञ गाउसने १७९६ मध्ये दाखवलं. सप्तकोन अशक्य आहे हे फ्रेंच गणितज्ञ वान्ट्झेलच्या १८३७ च्या सिद्धतेने पक्कं झालं. सतरा जमतात आणि सात नाहीत!

प्रश्न : बाणाच्या टोकासारख्या चौकोनाचे कोन ४०, ३०, ३० आणि १०० अंश भरले. बेरीज २००च. ३६० चा नियम फक्त बहिर्वक्र (खाच नसलेल्या) चौकोनाचा आहे का? (आठवीतला विद्यार्थी, जालना)

उत्तर : नाही. बाजू एकमेकींना छेदत नसतील तर तो सगळ्याच चौकोनांना लागू आहे. खाचेपाशी तू बाहेरचा कोन मोजलास. अर्धगोल कोनमापक १८० च्या पुढे जात नाही, म्हणून असं होतं. आतला कोन ३६० − १०० = २६०. आता बेरीज कर. मापं बरोबर आहेत याचा पडताळाही तुझ्याच आकड्यांत आहे : खाचेबाहेरचा कोन उरलेल्या तिघांच्या बेरजेइतका असतो, ४० + ३० + ३० = १००.

फरक वळणांत आहे. कडेकडेने पेन्सिल फिरव. बहिर्वक्र आकृतीत ती प्रत्येक कोपऱ्यावर एकाच बाजूला वळते आणि एकूण ३६० अंश फिरते. तुझ्या आकृतीत ती १४०, १५० आणि १५० वळून ४४० पर्यंत जाते आणि खाचेत ८० अंश उलटी वळते, म्हणजे शेवटी ३६०च.

प्रश्न : सगळ्या बाजू समान असल्या की आकृती सुसम होते ना? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : फक्त त्रिकोणात. समभुज चौकोन दाबून चपटा करता येतो, बाजू त्याच राहतात, कोन बदलतात. पण सगळे शिरोबिंदू एकाच वर्तुळावर ओळीने असतील तर समान बाजू पुरतात. सप्तकोन वर्तुळातच काढतात तो यासाठीच.