आकडा कितव्या मिनिटाला चढला ते पाहा

ताई, तुमच्या यजमानांच्या लॅक्ट्युलोज ब्रेथ टेस्टवर (लॅक्ट्युलोज ही साखर पाजून, लहान आतड्यात जीवाणू जास्त वाढलेत का हे श्वासातल्या वायूंवरून पाहणारी चाचणी) 'पॉझिटिव्ह' लिहिलंय, पण हायड्रोजनचे आकडे पाहून मला तसं वाटत नाही. उपाशीपोटी ६, ९० मिनिटांनी १४, १२० मिनिटांनी ३८ पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग).

आपल्या पेशी हायड्रोजन तयार करत नाहीत. आतड्यातल्या जीवाणूंना साखर मिळाली की तो तयार होतो, रक्तात उतरतो आणि श्वासातून बाहेर पडतो. तेव्हा ही साखर जीवाणूंना कुठे भेटली, हेच शोधायचं असतं. लॅक्ट्युलोज लहान आतड्यात शोषलं जात नाही. ते मोठ्या आतड्यात पोचणारच, आणि तिथे जीवाणू असायलाच हवेत. म्हणून उत्तर अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २०१७ साली निकष ठेवला तो ९० मिनिटांच्या आत किमान २० पीपीएम वाढीचा. तुमच्याकडे तोवर ८च वाढलाय. नंतरची उसळी बहुधा मोठ्या आतड्याची. ज्यांचं आतडं अन्न भराभर पुढे ढकलतं त्यांच्यात तर ती ९० मिनिटांच्या आतही येते आणि उगाच अँटिबायोटिक सुरू होतं, याची मला फार काळजी वाटते.

७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी यापेक्षा कमी फसवते, कारण ग्लुकोज लहान आतड्याच्या सुरुवातीलाच शोषलं जातं. मात्र त्याच कारणानं लहान आतड्याच्या शेवटच्या भागातली जीवाणूंची वाढ तिला दिसत नाही.

रिपोर्टमध्ये मिथेनचा रकाना नाही, हे मला जास्त खटकलं. यजमानांना बद्धकोष्ठ आहे म्हणता. मिथेन करणारे सूक्ष्मजीव हायड्रोजनच खातात, चार रेणूंना एक मिथेन, त्यामुळे नुसता हायड्रोजन मोजून भागत नाही. मिथेन केव्हाही १० पीपीएम किंवा जास्त असेल तर चाचणी पॉझिटिव्ह धरतात.

माझी पहिली चाचणी वायाच गेली. आदल्या रात्री घरी दाल-बाफले (डाळ आणि गव्हाचे उकडून भाजलेले गोळे) झाले होते, लॅबनं पथ्याचं अक्षरही सांगितलं नव्हतं, आणि सकाळी उपाशीपोटीच आकडा २८! आदल्या दिवशी साधा पांढरा भात बरा. गहू, डाळ, दूध, कांदा-लसूण नको. आपले इंदूरचे पोहेही नकोत. त्यांत कांदा असतो, आणि वरची शेव म्हणजे बेसनच. मग रात्रभर, ८ ते १२ तास, उपास. चाचणी संपेपर्यंत विडी-सिगारेट आणि चालणं-फिरणं बंद.

गोळ्या सुरू करण्याआधीच डॉक्टरांना हे आकडे दाखवून मिथेनसकट पुन्हा चाचणी करायची का ते विचारा. एकदा अँटिबायोटिक घेतलं की चाचणीसाठी चार आठवडे थांबावं लागतं. आणि यजमानांना मधुमेह असेल तर ग्लुकोजचं पाणी पिण्याआधी तेही सांगा.