साहेब सगळंच ‘अर्जंट’ म्हणतात, आधी काय करायचं ते सांगत नाहीत. अकाउंट्समध्ये आहे, काय करू?

“आधी काय करू?” असं विचारूच नका, उत्तर “सगळंच” येतं. क्रम तुम्ही लावा. सोमवारी दहाच्या आत चार ओळींचा मेल टाका: “बुधवारपर्यंत जीएसटीची जुळवणी, शुक्रवारपर्यंत थकबाकीची यादी. ऑडिटची फाइल पुढच्या आठवड्यात. बदल असल्यास दोनपर्यंत कळवा, नाहीतर याच क्रमाने सुरू करतो.” तीनच कामं लिहा, दहा लिहिलीत तर मेल कोणी वाचत नाही.

कायद्याच्या तारखा सगळ्यात वर: पुढच्या महिन्यात टीडीएस ७ तारखेपर्यंत (मार्चचा ३० एप्रिल), पीएफ १५, मासिक जीएसटीआर-३बी (जीएसटीचं रिटर्न) २०. यावर साहेबही वाद घालत नाहीत.

मध्येच नवीन काम आलं की नाही म्हणू नका. “हे आज घेतो, मग यादी सोमवारी जाईल, चालेल ना?” एवढंच विचारा. तोंडी ‘हो’ आलं तर लगेच एका ओळीत व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, कारण शुक्रवारी ते त्यांना आठवत नाही. दोन साहेब असतील तर दोघांना एकाच मेलमध्ये घ्या, आपसात ठरवू देत.

फक्त पेमेंट सोडताना साहेबांच्या गप्प बसण्याला होकार समजू नका. तिथे लेखी मंजुरीच हवी.