गच्चीवरचं सोलर किती वर्षं टिकतं?

प्रश्न : गच्चीवर ३ किलोवॉटचं सोलर बसवतोय. किती वर्षं टिकेल? निगा काय ठेवावी? – एक वाचक, बार्शी

उत्तर : दादा, पॅनेलची काळजी नको. २५ वर्षांनीही साधारण ८० टक्के वीज मिळेल, अशी हमी कंपन्या देतात. आधी दमतो तो इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र. दहा-बारा वर्षांनी त्याचा खर्च धरून ठेवा.

खरा त्रास धुळीचा. सोलापुरात माझ्या गच्चीवर मार्चमध्ये काचेवर बोट फिरवलं की रेघ उमटते. दर पंधरा दिवसांनी, ऊन चढायच्या आत, मऊ ओल्या फडक्यानं पुसा. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका, तडकू शकते. बोअरचं जड पाणी तर नकोच. पहिल्या वर्षी मी वापरलं, क्षारांचे पांढरे डाग अजून गेले नाहीत. कबुतरांची घाण मात्र दिसली की लगेच काढा, तिच्याखालचा सेल, म्हणजे पॅनेलमधला वीज बनवणारा छोटा चौकोन, तापत राहतो.