गाडीतला मुक्काम: वाचकांचे प्रश्न, चालकाची उत्तरं

(या सदराचे लेखक कराडचे. टुरिस्ट गाड्यांचा व्यवसाय करतात आणि आजही स्वतः भाड्यावर जातात. दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर आलेली बरीच पत्रं रात्रीच्या प्रवासाबद्दल होती, त्यातली काही इथे घेतली आहेत.)

प्रश्न: आम्ही दोघं आणि दोन मुलं, छत्रपती संभाजीनगरहून गणपतीपुळ्याला निघणार आहोत. गाडी सात सीटची. गाडी फक्त मिस्टर चालवतात. रात्री नऊला जेवून निघायचं, वाटेत झोप आलीच तर गाडीतच तास-दोन तास पडायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोचायचं, असा बेत आहे. गाडीत झोपण्यासाठी काय काय तयारी करावी?

ताई, तयारी सांगतोच, पण त्याआधी वेळ बदला. नऊला निघालात तर पुणं ओलांडायला दोन वाजतील, खंबाटकी घाट साडेतीनच्या सुमारास लागेल आणि कराडला येईपर्यंत उजाडायला लागलेलं असेल. दोन ते पाच ही शरीराला सगळ्यात जास्त झोप मागणारी वेळ आहे. रोज रात्री गाडी चालवणाऱ्यांचीही यातून सुटका नाही. ‘झोप आलीच तर’ हा शब्द बेतातून काढून टाका. पेंग यायला लागली की आपल्याला पेंग येतेय हेच नीट कळत नाही, मग तेव्हा जागा कुठली शोधणार? मुक्काम घरूनच ठरवून निघायचा.

तुमच्यासाठी मी असं सुचवेन. दुपारी एक-दोनला निघा. रात्री दहा-अकरापर्यंत सातारा-कराड पट्ट्यात या, जेवा, तिथेच झोपा. सकाळी पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उजेडी उतरा. यात आणखी एक फायदा आहे. घाटावर दिवाळीत रात्री हवा कोरडी आणि गार असते, गाडीत छान झोप लागते. घाट उतरून चिपळूणला गेलात की दमट हवा सुरू होते. तिथे बंद गाडीत अंग चिकचिकतं, मुलं रात्रभर कुरकुरतात. म्हणून कोकणात जाणाऱ्यांनी झोपायचं ते घाटाच्या वर.

आता अंथरुणाचं. मागच्या दोन्ही रांगा पाडल्यावर डिकीच्या दारापासून पुढच्या सीटच्या पाठीपर्यंत टेप लावून मोजा. मोठ्या माणसाला पाय पसरता येत नसतील तर पुढच्या सीट पूर्ण पुढे सरकवा. पाडलेल्या सीट सपाट दिसतात, पण तशा नसतात. दोन रांगांच्या मध्ये फट राहते आणि पाठीच्या जागी उंचवटा येतो. झोप मोडते ती तिथेच. फटीत चादरींच्या घट्ट गुंडाळ्या बसवा, त्यावर जुनी गोधडी दुमडून उंचवट्याच्या बरोबरीला आणा आणि सगळ्यात वर पातळ कापसाची गादी टाका. जाड फोम आणू नका, तो खाली दबतो आणि फट पुन्हा पाठीला लागते. निघायच्या आदल्या रात्री घरासमोर अर्धा तास पडून बघा, म्हणजे काय टोचतं ते कळेल.

जागेवर पोचल्यावर पाण्याची भरलेली बाटली गादीवर आडवी ठेवा. ती घरंगळली तर गाडी उतारावर आहे. शक्यतो गाडी हलवून सपाट जागा बघा, नाहीतर डोकं चढाच्या बाजूला करा. डोकं उताराला गेलं की सकाळी ते जड होतं. बऱ्याच गाड्यांची डिकी आतून उघडत नाही, तेव्हा बाजूचं एक दार हाताशी मोकळं ठेवा. बॅगा त्या दारापाशी रचू नका. किल्ली, टॉर्च आणि मिस्टरांचा चष्मा ठरलेल्या एकाच जागी असू द्या. आणि एक, मिस्टरांना खिडकीकडची सरळ जागा द्या. मुलांनी लाथा मारायच्या त्या तुम्हाला. दुसऱ्या दिवशी घाट त्यांना उतरायचा आहे.

प्रश्न: उन्हाळ्यात गाडीत झोपताना इंजिन चालू ठेवून एसी लावला तर चालेल का? मित्र म्हणतात, काच थोडी उघडी ठेवली की झालं. (एक वाचक, नागपूर)

नाही. यात मी कुणाला सूट देत नाही.

इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. जागा माणूस डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं म्हणून बाहेर तरी पडेल, झोपलेल्याला यातलं काहीच कळत नाही. गाडी चालती असते तेव्हा धूर मागे पडतो. उभी असते तेव्हा तो गाडीभोवती साचतो, आणि सायलेन्सर गळका असेल, मागे भिंत असेल किंवा बंद शेड असेल तर आत शिरतो. काच उघडी ठेवली म्हणजे उलट तोच धूर आत यायला वाट मिळते. पेट्रोल, डिझेल, सीएनजी, सगळ्यांना हे लागू आहे. शिवाय गरम सायलेन्सरखाली वाळलेलं गवत असेल तर ते पेटू शकतं.

विजेवरच्या गाडीला हा धोका नाही, ती चार्ज बघून एसीवर ठेवता येते. बाकीच्यांनी झोपायच्या आधी चालत्या गाडीत एसीने आतला भाग गार करून घ्यावा, मग इंजिन बंद करून समोरासमोरच्या तिरक्या काचा, म्हणजे पुढची डावी आणि मागची उजवी, दोन बोटं खाली ठेवाव्यात. वारा आरपार जातो. सकाळी काचा आतून ओल्या झालेल्या दिसल्या तर पुढच्या वेळी त्या थोड्या जास्त उघडा. नागपूरच्या मे महिन्यात एवढ्याने भागणार नाही हे मलाही कळतं. तेव्हा खोली घ्या किंवा रात्रीचा प्रवासच टाळा. कधी गाडीत सगळ्यांचं एकदम डोकं दुखायला लागलं तर आधी सगळे बाहेर पडा, मोकळ्या हवेत या आणि १०८ ला फोन करा.

डासांसाठी कासवछाप अगरबत्ती बंद गाडीत लावणारेही आहेत. लावू नका, तीही जळतेच. जुनी मच्छरदाणी कापून दाराच्या चौकटीवर वरून टाका आणि दार लावून घ्या, जाळी घट्ट बसते.

प्रश्न: आम्ही तीन मैत्रिणी गाडीने फिरतो. रात्री थांबायला सुरक्षित जागा कशी ओळखायची? आणि झोपताना काचांना पडदे लावावेत का? (एक वाचक, कोल्हापूर)

उजेड, माणसांची ये-जा आणि चालू स्थितीतलं स्वच्छतागृह, हे तिन्ही जिथे आहे तिथे. रात्रभर चालू असणारा मोठा पेट्रोल पंप किंवा कुटुंबं जेवायला थांबतात असा ढाबा. तिथल्या माणसाला आधी विचारा, डिझेल किंवा चहा तिथेच घ्या, म्हणजे तोही लक्ष ठेवतो. तीर्थक्षेत्राच्या गावी असाल तर आधी भक्तनिवासात चौकशी करा. गाडीतल्या झोपेपेक्षा ते कधीही बरं. महामार्गाच्या कडेला, द्रुतगती मार्गाच्या शोल्डरवर (कडेच्या मोकळ्या पट्टीवर) किंवा घाटातल्या वळणावर मात्र थांबायचं नाही. उभ्या गाडीवर मागून ट्रक येऊन आदळण्याचे अपघात तिथेच होतात. राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंदच पडली तर १०३३ वर मदत मिळते.

पडद्यांबद्दलही तुम्ही विचारलं आहे. काचेला काळी फिल्म लावायला सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली मनाई केली आहे. थांबल्यावर ओढणी किंवा चादर काचेत अडकवा आणि निघताना काढा.

प्रश्न: आम्ही ड्रायव्हरसह गाडी भाड्याने घेतो. हॉटेलात आम्हाला खोली असते, ड्रायव्हर मात्र ‘मी गाडीत झोपतो’ म्हणतो. त्याला खरंच चालतं का? (एक वाचक, ठाणे)

हा प्रश्न विचारल्याबद्दल मी तुमचा आभारी आहे. इतक्या वर्षांत फार थोड्या पार्ट्यांनी हे विचारलेलं बघितलं.

त्याला चालत नाही. तो तसं म्हणतो कारण हॉटेलात त्याच्यासाठी सोय नसते, आणि भत्त्यातले पैसे खोलीवर गेले तर घरी काय न्यायचं हाही विचार असतो. महाबळेश्वरला डिसेंबरात रात्रभर ड्रायव्हर सीट मागे पाडून, काचा वर करून, अंगावर एक शाल घेऊन पडलेली माणसं पार्किंगमध्ये रांगेने दिसतील. सीट पाडली तरी स्टिअरिंगखाली पाय सरळ होत नाहीत, कंबर मधल्या खळग्यात जाते. पहाटे हॉटेलचा वॉचमन गाडी काढायला उठवतो. नऊला तुम्ही न्याहारी करून ताजेतवाने येता आणि पसरणीचा घाट उतरायला त्याच माणसाच्या हातात बसता.

मोटार परिवहन कामगारांसाठी १९६१चा कायदा होता, २०२५मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. त्या जुन्या कायद्यात दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास कामाची मर्यादा घातली होती. सहलीत ती कधी पाळली गेली का, हे तुम्हीच आठवून बघा.

हॉटेल बुक करतानाच ‘ड्रायव्हरची सोय आहे का’ हे विचारा. बऱ्याच ठिकाणी खाटांची खोली असते, ती फक्त मागावी लागते. नसेल तर गावात साधी खोली बघा आणि तिचे पैसे भत्त्याच्या वेगळे द्या. अगदीच इलाज नसेल तर मागची सीट मोकळी करून द्या, हॉटेलमधून उशी आणि ब्लँकेट मागून द्या आणि सकाळी अंघोळीला तुमची बाथरूम वापरू द्या. रात्री अकराला ‘जरा पॉइंटवर जाऊन येऊ’ म्हणू नका. दुपारी तुम्ही जेवायला बसता तेव्हा त्याला गाडी सावलीत लावून अर्धा तास पडू द्या. त्याआधी चहा घेतला तरी चालेल. चहाची तरतरी यायला वीसेक मिनिटं लागतात, तेवढ्यात डुलकी होऊन जाते.

प्रश्न: आईचं वय ७२. चालत्या गाडीत झोपली की पाय सुजतात, मान धरते. सीट पूर्ण मागे पाडून दिली तर? (एक वाचक, सांगली)

चालत्या गाडीत सीट पूर्ण पाडू नका. पट्टा मग कमरेच्या हाडावर राहत नाही, पोटावर सरकतो आणि ब्रेक जोरात लागला तर माणूस पट्ट्याखालून पुढे घसरतो. पाठ थोडीच कलती ठेवा, पट्टा लावा, मानेभोवती टॉवेलची गुंडाळी द्या. दर दोन तासांनी गाडी थांबवून त्यांना पाच मिनिटं चालवा. बसल्या बसल्या घोटे फिरवायला आणि पावलं वर-खाली करायला सांगा. लघवीला जावं लागेल म्हणून आया-आज्या पाणी पीत नाहीत, तेव्हा थांबे त्यांना आधीच सांगून ठेवा. एकाच पोटरीत दुखत असेल, तिथे लाली किंवा गरमपणा असेल तर रक्ताची गुठळी असू शकते. मग घरी पोचायची वाट बघू नका, वाटेतल्या दवाखान्यात दाखवा. पूर्वी असा त्रास झाला असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या.