‘डीडी’वर टॅक्स नाही, बाबांच्या गुडघ्यावर आहे

प्रश्न : मी न्यू जर्सीत नोकरी करतो. पत्नी घरी असते, मुलगी बारा वर्षांची. २०२५च्या डब्ल्यू-२वर (कंपनी वर्षाअखेर देते तो पगार आणि टॅक्सचा फॉर्म) बॉक्स १मध्ये, म्हणजे टॅक्स लागणाऱ्या पगारात, १,४८,००० डॉलर आहेत आणि बॉक्स १२मध्ये ‘डीडी’ कोडसमोर २४,६००. यावर टॅक्स भरायचा का? ओळखीचे एक विमा एजंट म्हणतात, उलट ते मेडिकल खर्च म्हणून वजा करा. ‘डब्ल्यू’ कोडचे ७,५०० एचएसएचे, म्हणजे उपचारांसाठी टॅक्सआधी पैसे साठवायच्या खात्याचे आहेत. खातं २०२३पासून आहे. २०२४मध्ये मुलीच्या ब्रेसेसचे ४,२०० खिशातून भरले, खात्याला हात लावला नाही. गेल्या जूनमध्ये मात्र ६,००० काढून बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला पाठवले. ते मेडिकलच असल्याने त्याची चिंता नाही. एजंट म्हणतात, आता एचएसए बंद करून ‘टॅक्स-फ्री’ लाइफ पॉलिसी घ्या.

उत्तर : टॅक्सही नाही, वजावटही नाही. ‘डीडी’ म्हणजे तुमच्या आरोग्यविम्याचा वर्षभराचा सगळा खर्च, कंपनीचा वाटा आणि तुमचा वाटा मिळून. विमा केवढ्याला पडतो ते कळावं म्हणून ओबामांच्या काळातल्या आरोग्य कायद्याने तो छापायला लावला, एवढंच. रिटर्नमध्ये तो कुठेही भरायचा नाही. कंपनीचा वाटा तुमचा खर्च नव्हेच आणि तुमचा हप्ता बहुधा टॅक्सआधीच कापला गेलाय, बॉक्स १मध्ये तो धरलेलाच नाही. मग वजा काय करणार? बॉक्स १६चा, म्हणजे राज्याच्या टॅक्ससाठी धरलेल्या पगाराचा, आकडा मोठा दिसला तर दचकू नका, न्यू जर्सी ही सूट मानत नाही.

आता ‘चिंता नाही’ म्हणालात त्याबद्दल. चिंता तिथेच आहे.

एचएसएचे पैसे तुमच्या, पत्नीच्या आणि टॅक्सच्या कायद्याने जे तुमचे ‘डिपेंडंट’ ठरतात त्यांच्या उपचारासाठी. बाबा भारतीय नागरिक, राहतात पुण्यात. त्यांचा सगळा खर्च तुम्ही उचलत असलात तरी ते त्यात बसत नाहीत. ऑपरेशन पुण्यात झालं म्हणून नव्हे हं. गुडघा तुमचा असता तर तेच बिल चाललं असतं.

हिशोब करा. ६,००० उत्पन्नात धरले जाणार, २२ टक्क्यांनी साधारण १,३००. वर २० टक्के दंड, म्हणजे १,२००. अडीच हजार डॉलर गेले. एचएसए कंपनीकडून येणाऱ्या १०९९-एसए फॉर्मवर ‘कोड १’, म्हणजे नेहमीसारखी काढलेली रक्कम, असं दिसेल. त्यावर विसंबू नका. पैसे कशाला काढले हे एचएसए कंपनी विचारतच नाही. ते रिटर्नसोबतच्या फॉर्म ८८८९वर तुम्हीच सांगायचं असतं.

तुम्हाला वाचवणार आहेत ते ब्रेसेस. खातं उघडल्यानंतरचा स्वतःच्या कुटुंबाचा खर्च एचएसएतून कधीही, पुढच्या वर्षांतही, भरून घेता येतो. फक्त तो विम्याने दिलेला नसावा आणि वजावटीतही घेतलेला नसावा. जूनमध्ये पैसे आधी तुमच्या बँकेत आले, हे बरं झालं. त्यातले ४,२०० ब्रेसेसचे धरा. उरले १,८०० आणि त्यांचा भुर्दंड साधारण साडेसातशे. चष्मे, रूट कॅनाल, डॉक्टरांचे को-पे (विमा असूनही आपण भरायचा वाटा), २०२३पासून गेल्या जूनपर्यंतचं जे सापडेल ते जोडत जा. बिलं मात्र खरी हवीत आणि जपून ठेवा.

एजंटसाहेबांना ‘डीडी’ कळलं नाही, त्यांची पॉलिसी कशाला ऐकायची? पगारातून एचएसएत टाकलेल्या प्रत्येक शंभर डॉलरवर तुमचे जवळपास तीस वाचतात. पॉलिसीचा हप्ता टॅक्स भरून उरलेल्या पैशांतून जातो आणि सुरुवातीच्या वर्षांत त्यातला बराचसा भाग खर्चात आणि कमिशनमध्ये जातो. ‘टॅक्स-फ्री’ हा शब्द ऐकला की आधी विचारा, कमिशन किती?

पुण्याला पैसे जरूर पाठवा, पण साध्या बचत खात्यातून. आई किंवा बाबा सत्तरीचे झाले असतील तर त्यांचं केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घ्या : वर्षाला ५ लाख रुपयांचं संरक्षण, उत्पन्नाची अट नाही. योजनेत कोणती हॉस्पिटलं आहेत ते मात्र ऑपरेशनची तारीख घेण्याआधी बघा.